अष्टमीची शाळा तीन वाजता

दिवाळी अंकासाठी तुमच्या शाळेतल्या आठवणी लिहा, असं संपादकांचा माणूस घरी येऊन सांगून गेला. मी त्याला म्हटलं, "अरे बाबा, चुकीच्या दारी आलास. मी शिक्षिका नव्हे. मी मुली बोलावणारी." तो हसला. त्याला वाटलं, म्हातारी थट्टा करते. आता तरी किती जणांना ठाऊक असेल, की मुलींच्या शाळेत असं एक माणूस पगारी नेमावं लागे? तेव्हा आधी ते सांगते.

माझ्या तरुणपणी रत्नागिरीत मुलगी आपल्या पायांनी शाळेत जात नसे. तिला आणावी लागे. सकाळची कामं उरकली की मी निघायची. या दारातून त्या दारात, गल्लीच्या तोंडाशी चार जमल्या की त्यांना रांगेत धरायचं, पुढच्या घरी हाक मारायची, अशी वरात शाळेत नेऊन सोडायची. संध्याकाळी तशीच परत. मी गुरवाची विधवा सून. सासऱ्यांच्या वेळेपासून आम्ही देवळातली बेल-फुलं घरोघर पोचवत असू, त्यामुळे बागायतदाराच्या ओटीपासून दर्यावर जाणाऱ्या खारव्यांच्या झोपडीपर्यंत मला कुणी उंबऱ्यावर अडवत नसे. शाळा चालवणाऱ्या मंडळींनी हे हेरलं आणि मला नेमलं. अक्षर एक येत नव्हतं मला. मुली सुटेपर्यंत मागे भिंतीशी बसून असायची, मास्तरांच्या खांद्यावरून पुस्तक दिसे, तेवढ्यावर वाचायला शिकले. लिहायला मात्र फार उशिरा. तेव्हा या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घ शोधू नका.

हाक मारायची ही नोकरी सोपी नव्हती बरं का. एका घरी मी विचारलं, "शकू आहे का हो?" तिची आजी ओटीवर वाती वळत बसलेली. म्हणाली, "शकू मामाकडे गेली, राजापुरास." वरून माळ्यावरून आवाज आला, "आजी, मी कधी गेले गं?" आजी वातीवरची नजर न काढता म्हणाली, "आत्ता जाते आहेस." दुसरी एक बागायतदाराची मुलगी, वय पाच. तिला 'ताईसाहेब' म्हटल्याशिवाय ती चप्पल पायात घालत नसे. मी म्हणायची. ताईसाहेब चला, ताईसाहेब दगड आहे, ताईसाहेब नाक पुसा. तिच्या वडिलांनी शाळेला भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं, तेव्हा नाक पुसणं भागच होतं.

हे घड्याळ वरच्या शाळेतलं. शाळा दोन होत्या, मंडळ एकच. मंडळाचं नाव लिहीत नाही, माणसं भली होती, पदरचं घालून शाळा चालवत. वरची शाळा गावात, जांभ्याच्या चिऱ्यांची, कौलारू. तिथे वकील, कारकून, बागायतदार यांच्या मुली. खालची शाळा भाट्याच्या खाडीकडेला खारव्यांच्या आळीत, माडाच्या झापांनी शाकारलेली एक पडवी. वर तीन शिक्षक, नकाशे, शिवणाच्या पेट्या, पेटी-तबला. खाली एकटे पाध्ये मास्तर, एक फळा आणि प्रत्येक इयत्तेचं एकेक पुस्तक. वर्गाला एकच पुस्तक, हे नीट ध्यानात ठेवा. खाली घंटासुद्धा नव्हती. मीच घंटा.

आता तुम्ही विचाराल, एकाच मंडळाच्या दोन लेकींत असा दुजाभाव का? तर तो मंडळानं केलेला नव्हता. सरकारातून शाळेला पैसा येई, त्याला ग्रँट म्हणत. ती कशावर ठरे? एक, वर्षभरात सरासरी किती मुली हजर. दोन, डिपोटी साहेबांचा शेरा. डिपोटी म्हणजे शाळा तपासणारे साहेब, वर्षाकाठी एकदा यायचे, मुलींना वाचायला लावायचे, गणित घालायचे, शिवण बघायचे. वरच्या शाळेत मुली हजर, शिवण सुबक, शेरा उत्तम, ग्रँट भरघोस. त्या ग्रँटीतून आणखी नकाशे, आणखी एक बाई, की पुढल्या वर्षी मुली अधिक हुशार. खाली मुली निम्म्या गैरहजर, वाचन अडखळत, शेरा बेताचा, ग्रँट त्याहून बेताची. पंगतीत भरलेल्या पानावर वाढत जायचं आणि रिकाम्या पानाला म्हणायचं, तुला भूकच दिसत नाही! मला यातलं शास्त्र कळत नव्हतं, पण दोन्ही पंगतीत रोज फिरत होते, तेव्हा दिसत तर होतं.

खालच्या मुली गैरहजर का, ते मला पहिल्याच वर्षी भागीनं सांगितलं. भागी म्हणजे भागीरथी. नवरा आगबोटीवर खलाशी, मुंबईस गेलेला, कधी येई, कधी नुसती खबर येई. पदरात चार पोरं, थोरली शेवंता. एकदा अकराच्या सुमारास मी तिच्या दारात उभी राहून हाका मारतेय, तर मायलेकी दोघी डोकीवर पाटी घेऊन खाडीकडे निघालेल्या.

"भागी, गो पोरीला शाळेत धाड की!"

"धाडू गो. मंग खाडीत कोन जाल? तू?"

"दुपारनं जा."

भागी थांबली. मला आपादमस्तक न्याहाळलं. "गुरवीणबाय, देवाची फुलं विकून तुझं डोकं फिरलंय. दुपारनं भरती येल. तुझ्या शाळेचं घड्याळ समुद्राला कळतं काय?"

घाटावरच्या वाचकांसाठी सांगते. ओहोटीला आम्ही सुकती म्हणतो. सुकती लागली की खाडीतला चिखल उघडा पडतो आणि त्यात तिसऱ्या, मुळे अशा शिंपल्या मिळतात. बायका-पोरी वाकून वाकून त्या वेचतात, घरात कालवण होतं, उरलेल्या बाजारात जातात. ज्या घरचा पुरुष दर्यावर आहे किंवा नाहीच, त्या घरची चूल त्या चिखलावर पेटते. आणि सुकती रोज एका वेळी येत नाही. चंद्राबरोबर रोज पाऊण तासानं पुढे सरकते. त्यामुळे अमावास्या-पौर्णिमेला दुपारी मुली मोकळ्या, शाळा भरलेली. अष्टमी आली की बरोबर मध्यान्हीला सुकती, शाळेत पाध्ये मास्तर आणि माशा.

पाध्ये मास्तर तसे तिरसट. अंगात एकच कोट, तो ऊन असो पाऊस असो. पण त्यांना शेवंतेचं फार कौतुक. ही काळी, बारकी, केसांना मिठाचा वास, वर्गात नेहमी उशिरा यायची. पण एकदा ऐकलेलं विसरायची नाही. मास्तर म्हणत, "कृष्णाबाई, ही पोर वरच्या शाळेत पाचवीला गेली, तर सातवी होईल. सातवी झाली तर मास्तरीण होईल. या आळीतली पहिली." वरच्या शाळेची फी कुठली परवडायला? पण खालच्या शाळेतून चौथी पास होणाऱ्या एका मुलीला वर नादारी मिळे, म्हणजे फी माफ. डिपोटींनी स्वतः परीक्षा घेऊन शिफारस करायची, अशी अट. मागची कित्येक वर्षं ती जागा रिकामीच जात होती. चौथीपर्यंत कुणी टिकतच नव्हतं.

दोन-तीन वर्षांनी एकदा मी मास्तरांना भागीचं ते बोलणं सांगितलं, थट्टा म्हणून. ते हसले नाहीत. कोनाड्यातलं पंचांग काढलं आणि स्वतःशीच पुटपुटू लागले. आमच्याकडे एक जुना ठोकताळा आहे, तिथीची पाऊणकी केली की भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणकी तीन, तीनला भरती. अष्टमीला आठाची पाऊणकी सहा, सहाला भरती, म्हणजे बाराला सुकती. मास्तर म्हणाले, "मी या पोरींना पाऊणकी शिकवतो, आणि शाळा भरवतो वकिलांच्या जेवणाच्या वेळा बघून! कृष्णाबाई, समुद्र हलत नाही. शाळा हलवून बघू."

आणि हलवली हो! अष्टमीला शाळा तीनला. एकादशीला सकाळी सातला, कारण सुकती दुपारची. अमावास्येला नवाला. मला सांगावं लागलंच नाही, पोरीच एकमेकींना सांगत, "आज सहावी, शाळा एकला." वर्गातलं पाऊणकीचं गणित कुणाचं चुकेना, चुकलं तर शाळाच चुकायची. मी हाका मारायला निघायची, तर आळीतल्या पोरी पाय धुऊन दारात उभ्या. माझी नोकरी जाते की काय अशी मला धास्ती पडली. भागीसुद्धा एकदा म्हणाली, "तुझा मास्तर शाना झाला गो." खारव्याच्या बाईनं मास्तराला शहाणा म्हणणं म्हणजे डिपोटींच्या शेऱ्याहून मोठं.

मास्तरांनी मंडळाच्या चिटणिसांना जाऊन सगळं सांगितलं. चिटणीस सरळ मनाचे गृहस्थ. म्हणाले, "मुली येतात ना? मग करा. मात्र भिंतीवरचं वेळापत्रक आहे तेच राहू द्या, अकरा ते पाच. वरती तिथी लिहून पाठवल्या तर हसतील लोक." मास्तरांनाही ते पटलं. आमच्याकडची ही रीतच. काम करायचं आपल्या रीतीनं आणि कागद ठेवायचा सरकारच्या रीतीनं. दोघांना एकमेकांचं तोंड दाखवायचं नाही. शेतात, देवळात, कचेरीत, सगळीकडे असंच चालत आलेलं. त्यात वावगं आहे असं माझ्याही मनात आलं नाही.

असं वर्ष गेलं. डिपोटींचं पत्र आलं. ते पावसच्या बाजूनं येणार. बाराला वरची शाळा, चारला खालची. तिथी बघितली तर अष्टमी! मास्तरांनी पंचांगाला हात जोडले. "बघा कृष्णाबाई, तीनला शाळा भरते, चारला साहेब. देवानं वेळ जुळवून दिली." पडवी सारवली. झाप नवे घातले. शेवंतेच्या परकराला भागीनं ठिगळ लावलं, तेही आतून.

त्या काळी भाट्याच्या खाडीवर पूल नव्हता, तरीतून, म्हणजे माणसं पलीकडे नेणाऱ्या होडीतून, यावं लागे. पलीकडून साहेबांची तर निघाली ती अकराच्या सुमारास. आणि सुकती! तर धक्क्याला लागेना, अलीकडेच रुतली. साहेबांना चिखलात उतरणं आलं. पट्टेवाल्याच्या डोकीवर पेटी, साहेबांच्या एका हातात छत्री, दुसऱ्यात बूट. आणि चिखलात सगळीकडे वाकलेल्या आमच्या शाळेच्या मुली. पुढचं मला शेवंतेनं सांगितलं, ते तसंच लिहिते.

साहेब घसरले तसं हिनं जाऊन त्यांचे बूट घेतले. म्हणाली, "सायेब, बोटांवर भार द्या. टाच रुतते."

"शाळेत जातेस का गं?" साहेबांनी विचारलं. सवयच ती.

"जातंय की. चौथीत हाय."

"मग आज शाळा नाही?"

"हाय. आज आठवी. तीनला."

"कोण म्हणतं तीनला?"

शेवंतेला प्रश्नच कळला नाही. तिनं चिखलाकडे हात केला. "ही सुकती."

साहेब कामाचे माणूस. वाटेतच आहे तर खालची शाळा आधी उरकावी, म्हणून ते काठावर चढून थेट पडवीपाशी आले. मी तेव्हा वरच्या मुलींना पोचवून परत येत होते. बघते तो काय, गुडघ्यापर्यंत चिखल माखलेले साहेब आमच्या शाळेच्या दारापुढे उभे, आणि दाराला कुलूप. खिडकीतून भिंतीवरचं वेळापत्रक स्वच्छ दिसत होतं. मोठ्या अक्षरात, अकरा ते पाच.

मी धावत जाऊन मास्तरांना उठवून आणलं. मास्तर कोटाची एक बाही घालत आले, हातात पंचांग.

"रावसाहेब, आज अष्टमी. तिथीच्या पाऊणकीनं..."

"मास्तर," साहेब म्हणाले, आवाज चढवला नाही त्यांनी, "सरकार तिथीवर चालत नाही."

"पण मुली चालतात, साहेब. हजेरी बघा, वर्षापूर्वीची आणि आताची."

"ती मी बघेन. पण हे काय लिहिलंय?"

"अकरा ते पाच."

"आणि आत्ता किती वाजले?"

मास्तरांनी पंचांग मिटलं. मला राहवलं नाही. मी पदर सावरून म्हटलं, "साहेब, इतकी मेहेरबानी करा. चारलाच या. पत्रात चारच आहे. सगळ्या मुली बसलेल्या दिसतील, पाय धुतलेल्या."

ते माझ्याकडे बघून थोडे हसले. दमलेलं हसू होतं. म्हणाले, "बाई, चारला मी आलो असतो तर बरंच झालं असतं, माझ्यासाठीही. पण मी आता कुलूप बघितलंय. बघितलेलं कसं पुसू? कागदावर भरती-ओहोटी लिहिली असती तर तुमच्या वतीनं मी वर भांडलो असतो. कागदावर अकरा आहे." मग बूट पायात घालत म्हणाले, "शाळेची पाहणी झाली. नादारीसाठी चौथीची जी मुलगी असेल तिला वरच्या शाळेत पाठवा. तिची परीक्षा मी तिथे घेतो."

पुष्कळ वर्षं मी त्या माणसाला शिव्या दिल्या. आता वाटतं, तोही कुणाच्या तरी हाकेवर फिरत होता, माझ्यासारखाच. त्याची वरात तेवढी मोठी.

शेवंतेला विहिरीवर नेऊन पाय घासले. नखातला चिखल जाईना. भागी दारात उभी. म्हणाली, "ने. पन पोरगीला रडवून आनलीस तर उद्यापासून माझ्या दारात हाक मारू नको." घाटीच्या पायऱ्या चढताना शेवंतेनं मला विचारलं, "आत्ये, पास झालं तर मला वर रोज यायला मिळंल?" मी म्हटलं, "रोज. नवी पाटी घेऊन." "आनी तू हाक मारशील?" "पहिली हाक तुला."

वरच्या शाळेत पताका लावलेल्या. घड्याळाचा लंबक हलत होता. मुली ओळीनं बसलेल्या, प्रत्येकीपुढे आपलं पुस्तक. माझ्या ताईसाहेबही त्यांत होत्या, आता चौथीत. शेवंता मध्ये उभी राहिली. साहेबांनी आधी तोंडी गणित घातलं. ते तिनं असं सोडवलं की ओळीतल्या मुली मान वळवून बघायला लागल्या. मग साहेबांनी चौथं पुस्तक तिच्या हातात दिलं. "वाच, इथपासून."

शेवंतेनं पुस्तक घेतलं, दोन्ही हातांनी उलटं केलं, खालची बाजू वर, आणि खणखणीत आवाजात वाचायला लागली.

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग ताईसाहेब खिदळल्या आणि मागोमाग सगळा वर्ग. शेवंता वाचतेच आहे. तिला वाटलं, धड्यात काही हसण्यासारखं आहे.

साहेबांनी हात वर करून हसू थांबवलं. "पाठ केलंस?"

"नाय."

त्यांनी पान बदललं. हिनं परत उलटं धरून वाचलं. त्यांनी पेटीतून दुसरंच पुस्तक काढून दिलं, तिनं जन्मात न पाहिलेलं. तेही हिनं आधी फिरवलं, मग वाचलं, एकदाही न अडखळता. साहेबांनी पुस्तक सरळ करून तिच्या हातात दिलं. आता मात्र ती अडली. एकेक अक्षर लावत, बोट टेकवत, लहानग्या बिगरीतल्या मुलीसारखी.

"असं का गं?" साहेब म्हणाले.

"आमच्यात पुस्तक असंच असतं, सायेब," शेवंता म्हणाली. "सरळ मास्तरांकडं असतं."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख पडलं. वर्गाला एकच पुस्तक. मास्तर ते मांडीवर धरून बसत, मुली भोवती कोंडाळं करत. आधी येणाऱ्या मास्तरांच्या बाजूला बसत, त्यांना अक्षर सरळ दिसे. शेवंता खाडीवरून येणार, सगळ्यांच्या मागून. तिला जागा उरे ती मास्तरांच्या समोर. इतकी वर्षं ती समोरून वाचत होती. मास्तर ऐकत होते, मी मास्तरांच्या पाठीमागून बघत होते, आणि आमच्यापैकी कुणाला, एकदासुद्धा, शंका आली नाही. वाचता येतंय ना, झालं! पुस्तक तिच्या हातात कधी गेलंच नव्हतं.

वर्गात आता कुणी हसत नव्हतं. साहेबांनी पुस्तक पेटीत ठेवलं. मग शेरा लिहिला आणि मला बोलावून सांगितलं, "मुलगी पास. नादारीची शिफारस करतो. तिला एक पुस्तक घेऊन द्या, सरळ धरायला." मी त्यांच्या पाया पडले. शेवंताही पडली. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "आत्ये, ह्या पोरी का हसल्या?" मी म्हटलं, "त्यांना तुझ्यासारखं येत नाही म्हणून." खोटं नव्हतं ते.

भागीनं मला त्या दिवशी पाटीभर तिसऱ्या दिल्या. मास्तरांनी देवापुढे साखर ठेवली. कुलपाचा विषय आम्ही तिघंही काढत नव्हतो.

तो विषय पावसाळ्याच्या तोंडावर कागदावरूनच आला. शाळा वेळेत बंद आढळली, वेळापत्रक एक आणि व्यवहार एक, सबब ग्रँट बंद. हजेरी दुप्पट झाल्याचंही साहेबांनी लिहिलं होतं म्हणे. लिहिलं असेल. पण ते खाली कुठेतरी, आणि कुलूप वर. मंडळाकडे खालची शाळा पदरचं घालून चालवण्याइतकं काही नव्हतं. ठरलं असं की खालच्या सगळ्या मुलींनी वरच्या शाळेत यावं, कुणाचं शिक्षण बुडवायचं नाही. कागदावर सगळ्या मुलींना शाळा होती. आधीच्याहून चांगली, कौलारू. पाध्ये मास्तरांना मंडळानं दापोलीकडे कुठे चिकटवून दिलं. जाताना पंचांग माझ्याकडे ठेवून गेले. म्हणाले, "मी आता घड्याळावर."

मी आळीतून हाका मारत घाटी चढायची. पहिल्या आठवड्यात मागे मोठी रांग. मग अष्टमी आली. घाटी चढून वर बघते तो मागे एकटी शेवंता.

शेवंता टिकली. मी सांगते, कुणी टिकली नसती इतकं टिकली. सरळ वाचायला शिकली, शिवण शिकली. पण नादारीलाही हजेरीची अट होतीच. अष्टमीच्या आगेमागे चार दिवस घरात खायला काय, हा प्रश्न वरच्या शाळेत कुणाला पडलेला नव्हता, तो फक्त हिला होता. भागी एकदा बाळंतपणानं पडून होती, तेव्हा ते चार दिवस वाढले. वरच्या बाईंनी मला बोलावून समजावलं, "आम्ही तरी काय करणार हो? नियम सगळ्यांना सारखा." खरं होतं. सारखाच होता. शेवंतेची नादारी गेली.

शेवटची हाक मला आठवते. मी दारात उभी. शेवंता आत होती, मला दिसत होती. भागी बाहेर आली. मला वाटलं, आता मला शिव्या घालील. तसं काही झालं नाही. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "तुझी शाळा वर गेली गो बाय. खाडी हितंच हाय. जा तू, तुला उशीर व्हईल."

त्यानंतरही मी पुष्कळ वर्षं नोकरी केली. वरच्या शाळेच्या मुली पुढे आपल्या पायांनी यायला लागल्या, तेव्हा मला पाणी भरायचं आणि घंटेचं काम मिळालं. शाळेचा मोठा समारंभ झाला, त्यात मला शाल दिली. ताईसाहेब मुंबईहून आल्या होत्या, भाषण केलं, माझ्या हाकेची नक्कल केली, सगळे हसले, मीही हसले. सुखानं नोकरी केली मी, तक्रार नाही. पाय तेवढे दुखतात. पण आळीतल्या जितक्या मुली हाका मारून मी आणल्या, त्यांतली एकसुद्धा मास्तरीण झाली नाही. एवढं एक मनातून जात नाही.

गेल्या शिमग्याच्या आधी मी तिसऱ्या आणायला म्हणून आळीत गेले होते. शेवंतेचं घर आता पत्र्याचं आहे. ओटीवर तिची नात पाय पसरून बसलेली, मांडीवर पुस्तक, मोठ्यानं वाचतेय. शेवंता तिच्यासमोर, मधे सूप घेऊन, शिंपल्या उघडतेय. नात एका शब्दाशी अडली. शेवंतेनं हातातली सुरी न थांबवता, समोरूनच, पुस्तकाकडे नुसती नजर टाकून शब्द सांगितला. पुढे पोर अडली, हिनं परत सांगितला. पुस्तक सरळ नातीकडे होतं.

मी म्हटलं, "गो, बाजूला जाऊन बस की तिच्या. मान दुखेल."

"नको आत्ये," शेवंता म्हणाली. "बाजूला बसलं की मला लावून लावून वाचावं लागतं. हितनं बरं दिसतं."

मग तिनं मान वळवून खाडीकडे पाहिलं आणि नातीला म्हणाली, "हा धडा पुरा कर बाय लौकर. आज एकादशी. दुपारनं माझ्यासंगं यायचं नाय तुला, शाळेत जायचं. मी जातंय."

आणि सूप माझ्यापुढे सरकवून ती पाटी घ्यायला आत गेली.